सात कुलचे आणि नानची भट्टी

संभाजीनगरात नान खलियाबद्दल कुणालाही विचारा, उत्तर तुघलकापासून सुरू होतं. बादशहाने राजधानी दिल्लीहून देवगिरीला आणली. बरोबर अफाट फौज. तिला रोज वेळेवर जेवू घालायचं तर रोट्या लाटत बसून कसं भागणार? मग शाही भटारखान्यातल्या कुणा हिकमती माणसाने भट्ट्या पेटवल्या, परातीएवढे नान भाजले, शेजारी देगांमध्ये मटणाचा पातळ झणझणीत रस्सा चढवला, आणि हजारोंची पंगत उठवली. सांगणारा भट्टीवाला असेल तर गोष्टीत भट्टी आधी येते, बावर्ची असेल तर देग आधी येते. तुघलक मात्र दोघांच्याही गोष्टीत असतो.

मुलांच्या चित्रपुस्तकाला याहून सोयीचं कथानक मिळणार नाही. लहरी राजा, भुकेलं सैन्य, घामाघूम भटारी आणि शेवटच्या पानावर सोन्यासारखा पिवळाधमक नान. जगभर पावाच्या गोष्टी याच साच्यातून पडतात. 1683 मध्ये तुर्कांनी व्हिएन्नाला वेढा घातला, पहाटे पीठ मळणाऱ्या बेकरीवाल्यांना भुयार खणल्याचा आवाज आला, शहर वाचलं, आणि त्या आनंदात त्यांनी शत्रूच्या निशाणावरच्या चंद्रकोरीचा पाव केला, ही गोष्ट अजून पोरांना सांगितली जाते. प्रत्यक्षात चंद्रकोरीच्या आकाराचा ‘किप्फेर्ल’ ऑस्ट्रियात वेढ्याच्या कितीतरी आधीपासून होता. वेढा खरा आणि पावही खरा, फक्त दोघांची गाठ नंतर कुणीतरी मारून दिली. तुघलक आणि नान यांचीही अशीच गाठ मारलेली आहे का, हे तपासायला आपल्याकडे त्या काळचे तीन चांगले साक्षीदार आहेत.

राजधानी हलली ती 1327 मध्ये. बरनी, इसामी आणि इब्न बतूता या तिघांनी तिच्याबद्दल लिहिलं. इसामी सर्वांत कडवट, आणि त्याला कारण होतं. त्याचे नव्वदीतले आजोबा दिल्ली सोडल्यावर पहिल्याच टप्प्यात, तिलपतला, वारले. दिल्ली कुत्र्यामांजरांसकट ओस पडली असं जे आपण शाळेत शिकलो, त्यात या मंडळींच्या रागाचा वाटा मोठा आहे. प्रत्यक्षात आले ते मुख्यतः दरबारी, उलेमा, सूफी, सरदार आणि त्यांचे नोकरचाकर, म्हणजे घरी स्वयंपाकी बाळगणारे लोक.

इब्न बतूता 1334 मध्ये दिल्लीत पोचला आणि 1342 मध्ये दौलताबादेवरून, म्हणजे देवगिरीवरून, पुढे गेला. दिल्ली ते दौलताबाद हा चाळीस दिवसांचा रस्ता त्याने वर्णन केलाय तो वाचण्यासारखा आहे. दोन्ही बाजूंना झाडं, चालणाऱ्याला बागेतून चालल्यासारखं वाटावं. मैलामैलाला तीन डाकचौक्या, आणि प्रत्येक चौकीवर वाटसरूला लागेल ते सगळं हजर. जणू चाळीस दिवस बाजारातूनच चालावं. आता रस्त्यात मैलाच्या दर तिसऱ्या हिश्श्यावर दुकान असेल, तर फौजेला वाचवणारा तो एकटा हिकमती भटारी कुठे बसवायचा? अन्न पुरवणारे शेकडो होते, आणि त्यांतल्या एकाचंही नाव बतूताने लिहिलं नाही.

खाण्यापिण्याकडे त्याचं लक्ष नव्हतं असं मात्र म्हणता येणार नाही. दौलताबादची वर्षातून दोनदा येणारी द्राक्षं आणि डाळिंबं त्याने टिपली. देवगिरीच्या किल्ल्यातले मांजरापेक्षा मोठे उंदीरही सोडले नाहीत. दिल्लीच्या शाही जेवणाचा तर त्याने क्रमच दिलाय: आधी पातळ रोट्या, मग भाजलेल्या मांसाचे मोठे तुकडे, मग तूप, कांदा आणि आल्यात शिजवलेलं मांस, समोसे, आणि वर कोंबडी ठेवलेला तुपाळ भात. कांदा-आल्याचं ते मांस खलियाचं दूरचं चुलत भावंड म्हणता येईल. नान खलिया या जोडीबद्दल त्याच्या प्रवासवर्णनात अवाक्षर नाही.

तवंगाचा रंगही तुघलकाच्या विरोधात साक्ष देतो. आजच्या खलियाला झणझणीतपणा येतो तो लाल मिरचीने. मिरची अमेरिकेतून पोर्तुगीजांच्या जहाजांतून इथे आली, म्हणजे तुघलकानंतर दीडेकशे वर्षांनी. त्याच्या देगेत तिखट असेल तर ते मिऱ्यांचं आणि आल्याचं.

याचा अर्थ नान नवा आहे असा नाही. अमीर खुसरोने 1300 च्या सुमारास दिल्लीत दोन प्रकारचे नान नोंदवलेत, एक पातळ आणि एक तंदूरचा. सोळाव्या शतकाच्या अखेरीस अबुल फजलने ‘आईन-इ-अकबरी’त भट्टीतल्या मोठ्या रोटीचं मापच देऊन ठेवलं: दहा शेर पिठाला पाच शेर दूध, दीड शेर तूप, पाव शेर मीठ. त्याच ग्रंथात ‘कलिया’ही आहे. दहा शेर मांसाला दोन शेर तूप आणि शेरभर कांदा, मिरी, लवंग, वेलदोडा. पण तिथला कलिया बारीक केलेल्या मांसाचा आणि दाट रश्श्याचा. आपल्याकडचा खलिया नेमका उलटा, मोठ्या फोडींचा आणि पाण्यासारखा पातळ. अबुल फजल तिथेच सांगून जातो की हिंदुस्थानात तो नाना तऱ्हांनी करतात. म्हणजे अकबराच्या काळातसुद्धा या पदार्थाची एकच एक कृती नव्हती, आणि तिचा एकच एक जनकही नव्हता.

शहरात दुसरी एक गोष्ट आहे, आणि मला ती तुघलकाच्या गोष्टीपेक्षा जास्त आवडते. तिच्यात भटारी नाही, पण पाव आहे आणि तोही मोजून सात.

मीर कमरुद्दीन, म्हणजे पुढचा पहिला निजाम, अजून निजाम व्हायचा होता तेव्हाची ही गोष्ट. तो हजरत शाह निजामुद्दीन औरंगाबादी यांच्याकडे गेला. हे चिश्ती परंपरेतले सूफी, दिल्लीच्या शाह कलीमुल्लांचे शिष्य. त्यांचा दर्गा आजही शहरात आहे. हजरतांनी पिवळ्या फडक्यात बांधलेले कुलचे पाहुण्यापुढे ठेवले. पाहुणा भुकेला होता. त्याने एकामागून एक सात खाल्ले आणि आठव्याला हात जोडले. हजरत म्हणाले, तुझ्या सात पिढ्या राज्य करतील. 1724 मध्ये साखरखेर्ड्याच्या लढाईत मुबारिझ खान पडला, कमरुद्दीनचा दख्खनवर अंमल बसला, आणि त्याच्या आसफजाही घराण्याचं निशाण ठरलं पिवळं, मधोमध गोल कुलचा. फडकं आणि पाव दोन्ही झेंड्यावर चढले.

गोष्टीचं गणित तपासलं तर गंमत दिसते. पहिल्या निजामानंतर, 1748 ते 1762 मध्ये, नासिरजंग, मुजफ्फरजंग आणि सलाबतजंग असे तिघे गादीवर येऊन गेले. आसफजाहांच्या क्रमांकात त्यांना जागा नाही. त्यांना धरलं तर कुलचे दहा होतात. ते वगळून बापाकडून मुलाकडे मोजत आलं की मीर उस्मान अली खान बरोबर सातवा, आणि त्याचं राज्य सप्टेंबर 1948 मध्ये संपलं. हे भविष्य 1948 नंतरच्या श्रोत्याला जास्त पटणार हे उघड आहे. झेंड्यावरचा तो गोल कुलचा नसून चंद्र आहे, कारण निजामाच्या नावातच ‘कमर’ आहे, असं म्हणणारेही आहेत. मला त्या वादात पडायचं नाही. मला एवढंच लक्षात घ्यावंसं वाटतं की या शहराने आपल्या राजवटीचं मूळ सांगायला तलवार किंवा सिंह न निवडता भट्टीतला पाव निवडला. तसं करायला त्या शहरात भट्टीचा पाव रोजच्या पाहण्यातला असावा लागतो.

आणि तो होता, याचा ढळढळीत पुरावा खाम नदीच्या काठावर उभा आहे. पाणचक्की. पर्यटक तिथे जाऊन हौद बघतात, कारंजाखाली फोटो काढतात आणि जातं कशासाठी होतं हे न विचारता परततात. बाबा शाह मुसाफिर हे नक्शबंदी फकीर मूळचे बुखाऱ्याकडचे. त्यांच्या तकियावर, म्हणजे फकिरांच्या मठीवर, यात्रेकरू, फकीर, शिष्य यांचा राबता असे, आणि त्या सगळ्यांना पीठ लागे. डोंगरातल्या झऱ्याचं पाणी जमिनीखालच्या मातीच्या नळांतून काही किलोमीटर आणलं, भिंतीवर चढवलं आणि उंचावरून चाकाच्या पात्यांवर सोडलं. चाक फिरलं की वरचं जातं फिरे. माणूस किंवा बैल न लावता दिवसरात्र दळण. हे काम 1744 च्या सुमारास तुर्कताज खान या सरदाराने उभं केलं. तो निजामाच्या पदरचा, मध्य आशियातून आलेल्या तूरानी गोतावळ्यातला.

इथे मला या कुळकथेचा खरा सांधा सापडतो. बाबा मुसाफिर आणि त्यांचे गुरू बाबा पलंगपोश यांच्या हकिकती त्यांचे उत्तराधिकारी शाह महमूद यांनी लिहून ठेवल्या. इतिहासकार सायमन डिग्बी यांनी त्या 2001 मध्ये इंग्रजीत आणल्या. त्यांत बुखारा-समरकंदकडून नशीब काढायला आलेले साधे शिपाई आहेत, गाजीउद्दीन खान फिरोजजंगाच्या फौजेबरोबर हिंडणारे फकीर आहेत. हा फिरोजजंग म्हणजे सात कुलचे खाणाऱ्या कमरुद्दीनचा बाप. त्याचं घराणंही समरकंदकडचंच. 1681 नंतर औरंगजेब दख्खनेत उतरला तो परत गेलाच नाही, आणि त्याच्या छावण्यांमागे ही माणसं पंचवीस-तीस वर्षं दख्खनभर फिरली. त्यांचा पावाचा देश म्हणजे तंदूरचा देश. समरकंदचा जाड काठाचा, मधे ठसे मारलेला, चकचकीत गोल नान आजही तिथल्या बाजारात रचून ठेवलेला असतो, आणि आपल्या जुन्या शहरातल्या नानच्या शेजारी ठेवला तर भाऊ ओळखू यावेत.

तुघलक दौलताबादेत फार टिकला नाही, दहाएक वर्षांत बरेच लोक दिल्लीला परतले. मुघल आणि आसफजाही छावणी मात्र या शहरात जवळजवळ शतकभर होती. निजाम अलीने राजधानी हैदराबादेला नेली ती थेट 1763 मध्ये. पाव बसायला, भट्टी पिढीजात व्हायला एवढा वेळ लागतोच. म्हणून माझ्या मते नान खलियाचा पाळणा हलवायचा तर तो पाणचक्कीच्या जात्याजवळ, अठराव्या शतकात हलवावा. लेखी पुरावा म्हणाल तर हा अंदाजच आहे, पण त्याच्या बाजूने पीठ आहे, माणसं आहेत आणि भट्टी आहे.

भट्टीबद्दल थोडं थांबून सांगायला हवं, कारण नानचं रूप तिनेच ठरवलं. नान हा घरचा पदार्थच नव्हे. भट्टी तापायला बराच वेळ आणि भरपूर लाकूड लागतं, आणि तापल्यावर दहा नानसाठी ती पेटवणं म्हणजे पैशाची राख. शेकड्यांनी मागणी असेल तरच परवडते. पीठ मळून खमीर चढू द्यायचं, उंडे तोडायचे, हाताने थापायचे, मधे बोटांनी ठसे द्यायचे, नाहीतर सगळा नान फुगून भिंतीवरून सुटतो. वरून हळदीचा हात फिरवायचा. मग कापडी गादीवर घेऊन भट्टीच्या तापल्या भिंतीला चापट मारल्यासारखा चिकटवायचा, आणि रंग आला की लांब सळईने उचकटून बाहेर. ही एकट्याची कला नव्हे. मळणारा वेगळा, थापणारा वेगळा, आणि भट्टीच्या तोंडाशी वाकणारा वेगळा. त्या शेवटच्या माणसाच्या मनगटावर केस राहत नाहीत.

हळदीबद्दलचा माझा एक तर्क आहे. आईनमधल्या रोटीत पिठाच्या निम्मं दूध आणि सढळ तूप आहे. ती आपोआप सोनेरी होत असणार, आणि बादशाही पंगतीत वर केशरही परवडत असेल. बाजारच्या भट्टीला हा खर्च झेपणारा नाही. तोच राजेशाही रंग चार पैशांत आणायचा तर हळद हाताशी होती. चित्रपुस्तकातला भटारी राजाला खूश करायला नवा पदार्थ काढतो. खऱ्या भट्टीवाल्याला राजाचा पदार्थ गिऱ्हाइकाच्या खिशात बसवायचा होता, आणि मला ही हिकमत जास्त मोठी वाटते.

खलियाचंही तसंच. मांस महाग, माणसं फार, म्हणून रस्सा पातळ आणि देग मोठी. सुकं खोबरं, खसखस, मसाला आणि वर बोटभर तर्री. दाट कलिया चार जणांत संपला असता, पातळ केल्यावर तो चाळिसांना पुरला. नान जाड असल्यामुळे हा रस्सा पितो आणि तुटत नाही. पातळ चपाती त्यात बुडवली तर तिचा लगदा होईल. दोघांची जोडी जमली ती या हिशेबाने.

आजही लग्नघरी ही वाटणी दिसते. खलिया मंडपामागे बावर्ची शिजवतो, नानची ऑर्डर मात्र रोशन गेट किंवा शहागंजकडच्या एखाद्या भट्टीला जाते आणि दुपारपर्यंत नान कापडात गुंडाळून येतात. रमजानमध्ये आणि लग्नसराईत भट्टीवाल्याला बोलायला उसंत नसते. जालना, बीड, नगर इकडेही नान खलिया तितकाच मुरलेला आहे, आणि तिथले बावर्ची आपलाच अस्सल असं छातीठोकपणे सांगतात. नगरकरांना तर ते सांगायचा थोडा जास्तच हक्क आहे, कारण औरंगजेबाची शेवटची छावणी 1707 मध्ये त्यांच्याच भिंगारला होती, आणि छावणी जिथे मुक्काम करते तिथे भट्टी आधी खणली जाते.