‘पाखंड’ शब्दाचा प्रवास

ज्ञातीच्या सभेत मतभेद झाला की प्रतिपक्षास ‘पाखंडी’ म्हणून मोकळे होण्याची सवय आपल्यात जुनीच आहे. बोलणाऱ्यास अभिप्रेत असतो ढोंगी. ज्यास म्हटले जाते तो पुष्कळदा केवळ प्रश्न विचारणारा असतो. या गोंधळाचे मूळ शब्दाच्या इतिहासातच आहे.

मूळ शब्द ‘पाषंड’. इ. स. पूर्व तिसऱ्या शतकातील अशोकाच्या शिलालेखांत तो ‘पासंड’ या प्राकृत रूपाने येतो आणि तेथे त्याचा अर्थ संप्रदाय, एवढाच. सर्व पासंडांनी सर्वत्र नांदावे, अशी इच्छा सातव्या लेखात आहे. बाराव्यात तर राजा बजावतो की, जो आपल्या पासंडाची स्तुती व दुसऱ्याच्या पासंडाची निंदा करतो, तो आपल्याच पासंडाची हानी करतो. याच लेखमालेतील आठव्या लेखाचा तुकडा १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांस आपल्या सोपाऱ्यास सापडला. कलिंगाधिपती खारवेल स्वतःस सर्व पासंडांचा पूजक म्हणवितो. त्या भाषेत साखरखेर्ड्याचा पळसिद्धांचा वीरशैव मठ हा एक पासंड आणि येथील प्रल्हाद महाराजांची रामदासी परंपरा हा दुसरा. त्यात कोणाचाही उपमर्द नव्हता.

पुढे अर्थ पालटला. वेदप्रामाण्य न मानणारे ते पाषंडी ठरले. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात, तिसाव्या श्लोकात, ज्यांचा शब्दानेही सत्कार करू नये अशांची यादी आहे. तीत पाषंडी आहेत, हैतुक म्हणजे तर्क लढविणारे आहेत, आणि बैडालव्रतिक व बकवृत्तीही आहेत. म्हणजे परमताचा मनुष्य निराळा आणि मांजराप्रमाणे व्रतस्थ बसून भक्ष्यावर डोळा ठेवणारा निराळा, हे मनूसही ठाऊक होते. वागणूक मात्र दोघांस एकच! या शेजारातूनच पुढे दोन्ही अर्थ एकमेकांत मिसळले असावेत, असे आम्हांस वाटते.

वस्तुतः ढोंगासाठी आपणांस ‘दंभ’ हा स्वतंत्र शब्द आहे. त्याचा धातू फसविणे या अर्थाचा. गीतेच्या सोळाव्या अध्यायात आसुरी संपत्तीत दंभाचे नाव पहिले. शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरांनी त्यावर दिलेला दृष्टांत विलक्षण आहे: जननी तीर्थरूप खरी, पण तिला चारचौघांत नग्न दाखविणे अधःपाताचेच कारण होय. आपल्या धर्माचरणाचा डांगोरा पिटणे ते असे. ‘भोंदू’ व ‘ढोंगी’ हे तर घरोघरचे शब्द.

१७२४ साली निजामाने मुबारिझखानाचा साखरखेर्ड्यास पाडाव करून गावास फत्तेखेर्डा नाव दिले. ते नाव मागे पडले; ‘पाखंडा’चा पालटलेला अर्थ मात्र टिकून राहिला.

पाखंडी ठरलेल्यास पूर्वी वाळीत टाकीत. महाराष्ट्राच्या २०१६ च्या सामाजिक बहिष्कारविरोधी कायद्याने, ३ जुलै २०१७ पासून, तो गुन्हा झाला आहे. सभेच्या इतिवृत्तात तो शब्द लिहिण्याचा प्रसंग आलाच, तर तो अशोकाच्या अर्थाने, मनूच्या की आजच्या, एवढे चिटणीसांनी वक्त्यास विचारून घ्यावे.