करवीरची भाकरी

कोल्हापूरचें नांव उच्चारतांच परगांवच्या मनुष्याच्या डोळ्यांपुढें तांबडा व पांढरा रस्सा उभा राहतो. त्यांत खोटें कांहीं नाहीं. परंतु पाहुण्यांसाठीं वाढलेलें ताट हें घराचें नित्याचें ताट नव्हे. करवीर नगरींत आणि तिच्या आसपासच्या गांवांत घरोघरीं रोज जें शिजत आलें, तें म्हणजे जोंधळ्याची भाकरी, एखादी पालेभाजी किंवा उसळ, डाळीची आमटी, थोडी चटणी आणि वाटीभर ताक. या साध्या शाकान्नाचा ताम्रपट कोणी कोरून ठेवला नाहीं. तथापि त्यालाहि इतिहास आहे.

पंचगंगेच्या काठीं ब्रह्मपुरीच्या टेकाडावर १९४५-४६ सालीं पुण्याच्या डेक्कन कॉलेजाच्या वतीनें डॉ. सांकळिया व डॉ. दीक्षित यांनीं उत्खनन केलें, तेव्हां सातवाहनकालीन वसाहतीचे अवशेष उजेडांत आले. याच टेकाडानें पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची लहानशी कांस्यमूर्ति जगास दिली, आणि तिची कीर्ति सर्वत्र झाली. त्याच मातींतून निघालेल्या गाडग्यामडक्यांच्या खापरांना तेवढी कीर्ति कोठून लाभणार? परंतु दोन हजार वर्षांपूर्वीं येथें संसार होते व चुली पेटत होत्या, ही साक्ष मूर्तीपेक्षां खापरेंच अधिक स्पष्टपणें देतात.

पुढें इ. स. ११३० च्या सुमारास कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या नांवावरील ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ सिद्ध झाला. कोल्हापूरचे शिलाहार हे चालुक्यांचे मांडलिक. या ग्रंथाच्या अन्नविषयक प्रकरणांत मांसान्नाबरोबरच मांडे, वडे, डाळीच्या पिठाचीं धिरडीं असे अनेक शाकाहारी पदार्थ वर्णिले आहेत. परंतु तें राजाचें स्वयंपाकघर होतें; शेतकऱ्याच्या चुलीजवळ काय शिजत होतें, हें त्याच्या आचारविचारांवरूनच ताडावें लागतें.

शाकाहार म्हणजे केवळ पांढरपेशांचा आचार, अशी शहरांत समजूत असते. कोल्हापूर जिल्ह्याच्या पूर्वभागांत ती टिकत नाहीं. शिरोळ-हातकणंगल्याकडील जैन शेतकरी आणि गडहिंग्लजकडील लिंगायत शेतकरी पिढ्यान् पिढ्या नांगर धरीत आले व शाकाहारीच राहिले. जैनांच्या घरीं पाणी गाळून घ्यावयाचें व सूर्यास्तापूर्वीं जेवण उरकावयाचें, हा नेम. लिंगायतांच्या घरीं बाराव्या शतकांतील बसवेश्वरांच्या शिकवणींतून आलेला श्रमाचा आणि अन्नदानाचा संस्कार. अर्थात् येथील शाकान्न हें बसून खाणाऱ्यांचें अन्न नव्हे. उन्हांत दिवसभर राबणाऱ्या देहाला तें पुरें पडावें लागे, आणि तें पुरें पडे तें त्याच्या जुळणीमुळें.

ही जुळणी ध्यानांत घेण्यासारखी आहे. जोंधळ्याच्या प्रथिनांत लायसिन नांवाच्या घटकाची उणीव असते. तूर, मूग, मटकी, हरभरा यांत तो घटक भरपूर असतो. आणि डाळींत जें उणें, तें धान्य भरून काढतें. म्हणून भाकरीबरोबर आमटी, उसळ किंवा झुणका हवाच. मटकीला मोड आणल्यानें जीवनसत्त्व ‘क’ वाढतें. उन्हाळ्यांत आंबील, पावसाळ्यांत हुलग्याचें माडगें, ताकांत शिजवलेला चाकवत, खपली गव्हाची हुग्गी, हीं त्या त्या ऋतूचीं व प्रसंगाचीं लेणीं. सणाला पुरणासाठीं डाळ शिजवली तर तिचें वरचें पाणीहि टाकावयाचें नाहीं. त्याचीच कटाची आमटी व्हावयाची. रसायनशास्त्राचें नांवहि न ऐकलेल्या गृहिणींनीं ही व्यवस्था अनुभवानें बसविली होती.

ती अचल मात्र नव्हती. ज्या मिरचीवांचून आज कोल्हापूरची कल्पनाच करवत नाहीं, ती शिलाहारांच्या काळीं येथें कोणीं पाहिलीहि नव्हती. तिखटाचें काम मिरीं, पिंपळी व सुंठ करीत. वास्को द गामा १४९८ सालीं कालिकतला उतरला, पोर्तुगीजांनीं १५१० सालीं गोवें घेतलें, आणि त्यानंतर अमेरिकेंतील मिरची समुद्रमार्गें या देशांत आली. भुईमूग, मका व बटाटा हींहि मूळचीं त्याच खंडांतलीं. तिळाच्या, कारळ्याच्या व जवसाच्या चटण्यांशेजारीं शेंगदाण्याची चटणी येऊन बसली आणि घरचीच झाली. परक्या वस्तूला सामावून घेऊन आपली मूळ जुळणी न मोडणें, हें या ताटाचें सामर्थ्य होय.

परंतु याच ताटाला एक कठीण प्रश्न विचारला गेला. तो चवीचा नव्हता, पंगतीचा होता. खेड्यांतील मुलांनीं शिकावयास कोल्हापुरीं यावें, तर त्यांनीं जेवावें कोठें? एका जातीच्या मुलानें दुसऱ्या जातीच्या पंगतीस बसणें समाजास मान्य नव्हतें. राजर्षि शाहू छत्रपतींनीं १९०१ सालीं मराठा विद्यार्थ्यांसाठीं वसतिगृह काढविलें. त्याच सालीं जैनांचें निघालें, १९०७ सालीं लिंगायतांचें, १९०८ सालीं अस्पृश्य मानलेल्या विद्यार्थ्यांसाठीं मिस क्लार्क वसतिगृह. कोल्हापूर हें वसतिगृहांचें माहेरघर झालें. शिक्षणाचा मार्ग खुला करण्यासाठीं महाराजांनीं समाजाच्या वेगवेगळ्या चुली तूर्त मान्य केल्या. कारण उपाशी मुलाला उपदेश करून शिकवितां येत नाहीं.

या जैन वसतिगृहांत राहिलेला एक विद्यार्थी पुढें एक पाऊल पुढें गेला. १८८७ सालीं कुंभोज येथें जन्मलेले भाऊराव पाटील यांनीं १९१९ सालीं कऱ्हाडजवळ काले येथें रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ सालीं साताऱ्यास वसतिगृह उघडलें. तेथें सर्व जातिधर्मांचीं मुलें एकत्र राहत, स्वतः स्वयंपाक करीत व एकाच पंगतीस जेवत. १९२७ सालीं महात्मा गांधींनीं त्यास ‘छत्रपति शाहू बोर्डिंग हाऊस’ हें नांव दिलें. अन्न साधेंच; पण तेंहि दोन वेळां आणावें कोठून? त्यासाठीं मुष्टिफंडाची योजना निघाली. घरच्या गृहिणीनें रोज दळणाकांडणाच्या वेळीं मूठभर धान्य बोर्डिंगच्या मुलांसाठीं बाजूस काढावें. आणि ज्या दिवशीं कोठींत मूठभरहि उरलें नाहीं, त्या दिवशीं भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनीं अंगावरचे दागिने, अखेर मंगळसूत्रसुद्धां, मुलांच्या जेवणासाठीं दिलें. त्या भाकरीची किंमत कोणत्या तराजूंत करावी?

आज धान्याची अशी टंचाई शहरांतील सुखवस्तु घरांत नाहीं. टंचाई आहे ती सवडीची व संवयीची. तिखट राहिलें, पण भाकरी मागें पडूं लागली. जी रोज घरीं होत असे, ती हॉटेलांत मुद्दाम मागवावी लागते. पश्चिमेकडील डोंगराळ तालुक्यांतील नाचणी गरिबांचें धान्य म्हणून हिणवली गेली. वास्तविक १०० ग्रॅम नाचणींत सुमारें ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतें, तर तितक्याच सडीक तांदळांत दहाच्या आसपास. संयुक्त राष्ट्रांनीं २०२३ हें वर्ष भरडधान्यांचें म्हणून पाळलें; कोल्हापूरच्या गुळाला आणि आजऱ्याच्या घनसाळ तांदळाला भौगोलिक मानांकन मिळालें. हे मान योग्यच आहेत. परंतु मानपत्रानें चूल पेटत नाहीं.

ज्वारीच्या पिठांत ऊन पाणी घालून तें तळव्यानें किती मळावें, तव्यावर टाकल्यावर वरून पाण्याचा हात केव्हां फिरवावा, निखाऱ्यावर ती केव्हां टेकावी, हें पुस्तकांतून पुरतें कळत नाहीं. जाणत्या हाताशेजारीं बसूनच तें येतें. साताऱ्याच्या बोर्डिंगांत तें मुलगेहि शिकले. आजच्या घरांतूनहि मुलगा आणि मुलगी दोघांनीं तें आठवड्यांतून एकदां तरी चुलीशीं उभें राहून शिकावें. पीठ तेंच आहे. हात तेवढे बदलावयाचे आहेत.