चाक, दिवा आणि धाकट्याचा शब्द

उजळाईवाडीला विमान उतरायला लागलं की पोटाखालून धडधड ऐकू येते. चाकं बाहेर आली, असं समजून आपण निर्धास्त होतो. आज आपण ही चाकं जेव्हा दगा देतात तेव्हाचा इतिहास पाहू.

6 मे 2021. करोनाची दुसरी लाट. नागपूरहून हैदराबादकडे निघालेल्या बीचक्राफ्ट सी-90 या छोट्या हवाई रुग्णवाहिकेचं एक चाक उड्डाणाच्या वेळीच निखळलं. आत रुग्णासह पाच माणसं. विमान मुंबईला वळवलं. तिथं धावपट्टीवर फेस पसरला, बंब सज्ज झाले. एका बाजूला चाक आहे आणि दुसऱ्या बाजूला नाही, अशा अवस्थेत टेकलं तर विमान गरकन फिरण्याची भीती. म्हणून ते पोटावरच उतरवलं. पाचही जण सुखरूप.

आता मागं जाऊ. 29 डिसेंबर 1972, अमेरिकेतलं मायामी. उतरण्याच्या तयारीतल्या एका मोठ्या विमानात पुढचं चाक बाहेर आल्याचा हिरवा दिवा लागेना. वैमानिकांच्या कक्षातले सगळे त्या दिव्यातच गुंतले. दरम्यान विमान हळूहळू खाली येत होतं. उंची घटल्याची सूचना वाजली, पण कुणाचं लक्ष गेलं नाही. दलदलीत विमान कोसळलं, 101 माणसं गेली. चाक व्यवस्थित बाहेर आलं होतं. जळाला होता फक्त बल्ब!

सहा वर्षांनी, 28 डिसेंबर 1978 रोजी, पोर्टलंडला पुन्हा चाकांचीच शंका. कॅप्टन सुमारे तासभर घिरट्या घालत राहिले. इंधन कमी होतंय हे फ्लाइट इंजिनिअर सांगत होता, पण दबकत, आडून. चारही इंजिनं बंद पडली. 189 पैकी दहा जण दगावले.

यातून 1979 साली नासानं एक कार्यशाळा भरवली आणि 1981 पासून युनायटेड कंपनीनं वैमानिकांना नवं शिक्षण द्यायला सुरुवात केली. त्याला क्रू रिसोर्स मॅनेजमेंट म्हणतात. सार असं: धाकट्यानं स्पष्ट बोलायचं, थोरल्यानं ते ऐकायचं, आणि बिघाडाकडे एकजण बघत असताना दुसऱ्यानं विमान सांभाळायचं.

आम्हां तत्त्वज्ञानवाल्यांना यात एक जुना प्रश्न दिसतो. ज्ञान एकाकडे आणि अधिकार दुसऱ्याकडे असेल, तर निर्णय कुणाचा? पोर्टलंडला इंधनाचं ज्ञान होतं, पण ते अधिकारापर्यंत पोचलं नाही. आपल्या साखर कारखान्यात बॉयलरचा दाब वाढल्याचं आधी कळतं ते तिथल्या कामगाराला. दवाखान्यात रुग्णाचा श्वास बदललेला आधी नर्सला दिसतो. ती म्हणते, 'सर, जरा बघता का?' हे 'जरा' आपल्या संस्कारातून येतं. एरवी ते गोडच. पण वेळ थोडा असेल तेव्हा ते महागात पडतं.

मग मोठ्यांचा मान ठेवायचा नाही का? जरूर ठेवायचा. कॅप्टन कॅप्टनच राहतो, अखेरचा शब्द त्याचाच. पण धोका दिसत असताना गप्प बसणं याला मान म्हणता येणार नाही. थोरल्यांना नेमकी माहिती वेळेवर देणं, हाच त्यांच्या अधिकाराचा खरा आदर.

यंत्रं बिघडणारच, चाक निखळेल, बल्ब जळेल. आपल्या हाताखालच्या माणसाला आपल्याला टोकायची भीती वाटते का, हे मात्र आपल्यापैकी प्रत्येकानं उद्या कामावर गेल्यावर तपासून पाहावं.