काट्यांकडून पडद्याकडे

विमान ढगात शिरले की वैमानिकाला जमीन दिसत नाही आणि क्षितिजही दिसत नाही. विमान सरळ आहे की कलले आहे, हे अशा वेळी शरीराला नीट कळत नाही. आतला कान फसतो. मग भिस्त उरते ती समोरच्या उपकरणांवर. २४ सप्टेंबर १९२९ रोजी जेम्स डूलिटल यांनी न्यूयॉर्कजवळच्या मिचेल फील्डवर झाकलेल्या आसनात बसून, केवळ उपकरणे पाहून विमान उडवले आणि उतरवलेही.

आता प्रश्न आला उपकरणांच्या मांडणीचा. १९३०च्या दशकात ब्रिटिश हवाई दलाने सहा मुख्य उपकरणांच्या जागा ठरवून दिल्या. विमान बदलले तरी वैमानिकाची नजर सवयीने योग्य तबकडीवर जाई.

तबकडी वाचणेही सोपे नव्हते. उंचीमापकावर तीन काटे असत : शेकडा, हजार आणि दहा हजार फुटांचे. १९४७ साली पॉल फिट्स आणि रिचर्ड जोन्स यांनी अमेरिकी वैमानिकांच्या उपकरण-वाचनातील २७० चुका तपासल्या. उंची हजार फुटांनी चुकीची वाचणे हे त्यांतले ठळक उदाहरण. ‘वैमानिकाची चूक’ म्हणून नोंदलेल्या कित्येक चुकांचे मूळ उपकरणाच्या रचनेत होते.

१९७०च्या दशकाच्या मध्यापर्यंत प्रवासी विमानाच्या कक्षातील उपकरणे व कळांची संख्या शंभरावर गेली. मग संगणकाने चालणारे पडदे आले. १९८८ साली सेवेत आलेल्या एअरबस ए-३२० मध्ये सहा एकसारखे पडदे होते. एक बंद पडला तर त्यावरची माहिती दुसऱ्यावर आणता येई. इंजिन, इंधन, हवेचा दाब यांची पाने उड्डाणाच्या टप्प्यानुसार बदलत. तबकडी म्हणजे एक वस्तू होती. आता ती हलवता येणारे चित्र झाली.

तरीही मधोमध कृत्रिम क्षितिज, डावीकडे वेग, उजवीकडे उंची आणि खाली दिशा हा क्रम बदलला नाही. हलवता येते म्हणून सर्वच हलवायचे नसते. शिवाय पडदा आला की सुरक्षितता आपोआप येते असेही नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने २०१० साली छोट्या विमानांची तुलना केली, तेव्हा पडदे असलेल्या विमानांत प्राणघातक अपघातांचे प्रमाण अधिक आढळले. नव्या उपकरणांचे वेगळे प्रशिक्षण हवे, असे मंडळाने सांगितले.

वर्गात करून पाहा. फळ्यावर तीन काट्यांचा उंचीमापक काढा, काट्यांची लांबी जवळजवळ सारखी ठेवा आणि क्षणभर दाखवून झाका. मुलांनी लिहिलेली उत्तरे ताडून पाहिली, की फिट्स आणि जोन्स यांना काय दिसले असेल ते समजेल.