कॅन्ट्रिपवरील मर्यादा

कॅन्ट्रिपवरील मर्यादा म्हणजे टेबलाभोवती बसून खेळल्या जाणाऱ्या कल्पनारम्य भूमिका-खेळांत किरकोळ जादूच्या वापरावर घातलेली बंधने होत. दिवा लावणे, फाटलेले वस्त्र सांधणे, दूरची हलकी वस्तू उचलणे, छोटी ठिणगी फेकणे अशा लहान मंत्रांना 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' या खेळात कॅन्ट्रिप म्हणतात. हा शब्द मूळचा स्कॉट्स भाषेतील असून त्याचा अर्थ जादू किंवा चेटूक असा आहे. खेळाच्या अलीकडच्या आवृत्त्यांत कॅन्ट्रिप कितीही वेळा वापरता येतात. त्यामुळे खेळाचे कथन व नियमन करणाऱ्या सूत्रधाराला, म्हणजेच गेम मास्टरला, आपल्या मोहिमेत त्यांना कितपत वाव द्यावा हे ठरवावे लागते. प्रत्येक मंत्र क्षुल्लक असला तरी अमर्याद वापरामुळे अंधार, तहान आणि अनिश्चितता या साहसकथेतील मूळ अडचणी नाहीशा होऊ शकतात. दुसरीकडे, मर्यादा कठोर झाल्यास जादूगाराची भूमिका करणाऱ्या खेळाडूकडे करण्यासारखे काही उरत नाही.

इतिहास

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नसन यांनी रचलेला 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' १९७४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील जादूची पद्धत जॅक व्हान्स यांच्या 'द डाइंग अर्थ' (१९५०) या पुस्तकातील कल्पनेवर आधारलेली आहे. तीनुसार जादूगार मंत्र आधी स्मरणात साठवतो आणि उच्चारताच तो स्मरणातून पुसला जातो. पहिल्या पातळीच्या जादूगाराला दिवसाला एकच मंत्र मिळत असे. प्रकाश पाडण्याचा 'लाइट' हा मंत्रही त्याच मोजणीत येई. म्हणून भुयारात मशाली आणि तेल बरोबर नेणे हा खेळाचा आवश्यक भाग होता.

कॅन्ट्रिपची कल्पना गायगॅक्स यांनी १९८२ मध्ये 'ड्रॅगन' मासिकात मांडली आणि १९८५ च्या 'अनअर्थ्ड आर्केना' या पुस्तकात तिचा समावेश झाला. तेथे पहिल्या पातळीच्या एका मंत्राच्या बदल्यात चार कॅन्ट्रिप घेता येत. १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत या सर्वांऐवजी 'कॅन्ट्रिप' नावाचा पहिल्या पातळीचा एकच मंत्र ठेवण्यात आला. २००० मध्ये आलेल्या तिसऱ्या आवृत्तीने त्यांना शून्य पातळीचे मंत्र मानले. पुरोहितांच्या अशाच मंत्रांना 'ऑरिझन' हे नाव होते. या आवृत्तीत पहिल्या पातळीच्या जादूगाराला शून्य पातळीचे तीन मंत्र रोज मिळत.

अमर्याद वापराकडे वळण २००८ च्या चौथ्या आवृत्तीत आले. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'पाथफाइंडर' या खेळानेही हाच मार्ग धरला. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत तो कायम राहिला. शिवाय हानी करणाऱ्या कॅन्ट्रिपचे बळ पात्राच्या ५, ११ आणि १७ या पातळ्यांवर वाढू लागले. उदाहरणार्थ, 'फायर बोल्ट' या मंत्राने आरंभी दहा बाजूंच्या एका फाशाइतकी हानी होते, तर १७ व्या पातळीवर चार फाशांइतकी.

मर्यादा घालण्याची कारणे

टंचाईचा लोप: पाचव्या आवृत्तीत मशाल एक तास जळते आणि भोवतालच्या २० फुटांत स्वच्छ प्रकाश पाडते. 'लाइट' या कॅन्ट्रिपचा कालावधी आणि प्रकाशाचा आवाकाही तेवढाच आहे. तो कितीही वेळा म्हणता येत असल्याने गटातील एका पात्राला तो येत असेल, तर मशालींचा हिशेब ठेवण्याचे कारण उरत नाही. पाण्याबाबत 'पाथफाइंडर'च्या पहिल्या आवृत्तीचे उदाहरण बोलके आहे. तेथे 'क्रिएट वॉटर' या मंत्राने पुरोहिताच्या प्रत्येक पातळीमागे दोन गॅलन पाणी निर्माण होते. सहा सेकंदांच्या एका फेरीत एकदा असा मंत्र म्हटला, तर पहिल्या पातळीचा पुरोहित एका तासात १,२०० गॅलन, म्हणजे सुमारे ४,५०० लिटर पाणी काढू शकतो. न वापरलेले पाणी एका दिवसाने नाहीसे होत असले, तरी वाळवंटातील प्रवासात तहानेचा धोका संपतो. 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'च्या पाचव्या आवृत्तीत पाणी निर्माण करण्याचा मंत्र पहिल्या पातळीवर असून त्यासाठी दिवसाच्या मोजक्या मंत्रसंख्येतील एक खर्ची पडतो.

यशाची शक्यता: 'गायडन्स' या मंत्राने स्पर्श केलेल्या पात्राच्या प्रयत्नात चार बाजूंच्या एका फाशाची भर पडते. सरासरी भर २.५ असते आणि वीस बाजूंच्या फाशावर ती सुमारे १२.५ टक्के जादा संधीइतकी होते. प्रत्येक कुलूप, प्रत्येक शोध आणि प्रत्येक वाटाघाट यांपूर्वी हा मंत्र म्हटला जाऊ लागल्यास खेळाची गती मंदावते आणि ठरावीक वाक्य पुन्हा पुन्हा ऐकावे लागते.

जगाची सुसंगती: कोणीही शिकाऊ जादूगार दिवसभर कपडे स्वच्छ करू शकत असेल आणि मोडलेली भांडी सांधू शकत असेल, तर त्या जगातील परीट, तांबट आणि दिवे लावणारे यांचे काय होते, हा प्रश्न उभा राहतो. या प्रश्नाचे उत्तर न देता जग मध्ययुगीन दाखवले, तर खेळाडूंना त्यातील विसंगती जाणवते.

मर्यादांचे प्रकार

मूळ अटींचे काटेकोर पालन: अनेकदा नवा नियम करावा लागत नाही. पाचव्या आवृत्तीतील 'मेंडिंग' मंत्राला एक मिनिट लागतो आणि तो एक फुटापेक्षा मोठी चीर सांधत नाही. 'मेज हँड'ने निर्माण केलेला हात दहा पौंडांपेक्षा अधिक वजन उचलत नाही व हल्ला करू शकत नाही. 'गायडन्स' टिकवण्यासाठी एकाग्रता लागते, म्हणून एकाग्रता लागणारा दुसरा मंत्र त्याच वेळी चालू ठेवता येत नाही. शिवाय तो मोठ्याने उच्चारावा लागतो. दरबारातील बोलणी चालू असताना तो म्हणणारा लपून राहत नाही. 'लाइट'साठी काजवा किंवा चमकणारे शेवाळ लागते. नियमांनुसार साहित्याची थैली बाळगल्यास असे बिनकिमतीचे पदार्थ वेगळे जमवावे लागत नाहीत. काही सूत्रधार ही सवलत काढून घेतात.

संख्येची मर्यादा: येथे तिसऱ्या आवृत्तीप्रमाणे दिवसाला ठरावीक वापर दिले जातात. काही ठिकाणी बंधन फक्त उपयुक्ततेच्या मंत्रांवर असते व लढाईतील मंत्र मोकळे ठेवले जातात.

स्थानबदल: एखादा मंत्र कॅन्ट्रिपच्या यादीतून काढून पहिल्या पातळीवर नेला जातो. टंचाईवर बेतलेल्या मोहिमांत 'लाइट'बाबत हा उपाय सोयीचा ठरतो, कारण एकाच मंत्राला हात लावून बाकीची जादू तशीच ठेवता येते.

कथेतून येणारी किंमत: नियम न बदलता जगाची प्रतिक्रिया बदलली जाते. जादूचा प्रकाश शत्रूला दुरून दिसतो, जादूला बंदी असलेल्या नगरात साधी ठिणगीही पहारेकऱ्यांना बोलावते. १९९१ मध्ये आलेल्या 'डार्क सन' या वाळवंटी जगात जादूगाराचे मंत्र वनस्पतींची जीवनशक्ती शोषतात, त्यामुळे तेथील लोक जादूगारांचा द्वेष करतात.

विश्रांतीचे नियम कडक करून कॅन्ट्रिप आटोक्यात येत नाहीत. २०१४ च्या सूत्रधार-पुस्तिकेतील एका पर्यायी नियमानुसार लहान विश्रांती आठ तासांची व मोठी विश्रांती सात दिवसांची होते. त्यामुळे मोठे मंत्र दुर्मीळ होतात. पण कॅन्ट्रिप विश्रांतीवर अवलंबून नसल्याने त्यांचे सापेक्ष महत्त्व उलट वाढते.

आक्षेप

मर्यादांविरुद्धचा मुख्य आक्षेप खेळाडूच्या सहभागाविषयी आहे. पाचव्या आवृत्तीत पहिल्या पातळीचा जादूगार दिवसाला मोजकेच मोठे मंत्र म्हणू शकतो. कॅन्ट्रिप काढून घेतल्यास उरलेल्या प्रत्येक फेरीत त्याला खंजीर किंवा आडधनुष्य चालवावे लागते. योद्ध्याच्या तलवारीच्या वारांना रोजची मर्यादा नसताना जादूगाराच्या ठिणगीला ती का असावी, असाही प्रश्न विचारला जातो. सरसकट बंदीचा भार सर्वांवर सारखा पडत नाही. 'वॉरलॉक' या वर्गाचा नेहमीचा हल्लाच 'एल्ड्रिच ब्लास्ट' हा कॅन्ट्रिप आहे, त्यामुळे त्याचे नुकसान सर्वाधिक होते.

दुसरा आक्षेप निर्णयाच्या वेळेविषयी आहे. २०१४ च्या नियमांनुसार जादूगाराला आरंभी तीनच कॅन्ट्रिप निवडता येतात. त्यांतील एक निवडल्यानंतर मोहिमेच्या मध्यात तो निरुपयोगी ठरवला, तर खेळाडूची निवड वाया जाते. म्हणून असे बंधन पात्रे तयार होण्यापूर्वीच्या बैठकीत जाहीर करावे आणि चालू मोहिमेत बदल केल्यास पात्राला दुसरा मंत्र निवडू द्यावा, असा संकेत रूढ आहे. नियम बदलण्याचा अधिकार सूत्रधाराचा मानला जात असला, तरी तो टेबलाभोवतीच्या सर्वांच्या संमतीवरच टिकतो.

अन्य खेळांतील व जगांतील पद्धती

१९७८ च्या 'रूनक्वेस्ट'मध्ये किरकोळ जादू जवळपास प्रत्येकाला येते, पण ती वापरताना पात्राचे शक्तिगुण तात्पुरते खर्च होतात. २०१२ च्या 'डन्जन क्रॉल क्लासिक्स'मध्ये मंत्र म्हणताना फासा टाकावा लागतो आणि अपयश आल्यास विपरीत परिणाम भोगावे लागतात. २०२३ च्या 'शॅडोडार्क'मध्ये अमर्याद कॅन्ट्रिप नाहीत. तेथे मशाल खऱ्या घड्याळाच्या एका तासात विझते, 'लाइट' पहिल्या श्रेणीचा मंत्र आहे आणि तो फसल्यास विश्रांतीपर्यंत पुन्हा म्हणता येत नाही.

याच्या उलट टोकाला २००४ मध्ये आलेले 'एबरॉन' हे जग आहे. त्यात किरकोळ जादूला आवर न घालता तिचे परिणाम अखेरपर्यंत नेले आहेत. रस्त्यांवर जादूचे दिवे आहेत आणि लहान मंत्रांवर पोट भरणारे कारागीरही आहेत.

पाचव्या आवृत्तीच्या २०२४ मधील सुधारित नियमांत कॅन्ट्रिप अमर्यादच राहिले. 'गायडन्स'मध्ये मात्र मंत्र म्हणतानाच कोणते कौशल्य ते निवडावे लागते आणि वाढीव फासा त्याच कौशल्याच्या प्रयत्नांना लागू होतो.