हल्द्वानी : मंडीचे शहर आणि सहजीवनाचा कायदा

लग्न न करता एकत्र राहणाऱ्या सज्ञान स्त्री-पुरुषांना उत्तराखंडमध्ये सरकारदरबारी नोंदणी सक्तीची आहे. 'तो दुसऱ्या राज्याचा कायदा, आपल्याला काय त्याचे?' असे म्हणून आपल्याला मोकळे होता येणार नाही. जात मोडून जोडीदार निवडणाऱ्या प्रत्येक तरुण-तरुणीशी त्याचा संबंध आहे.

हल्द्वानीची ओळख

नैनिताल जिल्ह्यात, गौला नदीकाठी वसलेले हल्द्वानी हे कुमाऊँचे प्रवेशद्वार समजले जाते. हल्दू नावाच्या झाडावरून गावाला हे नाव पडले. हिवाळ्यात डोंगरावरून भाबर पट्ट्यात उतरणाऱ्या लोकांसाठी 1834 मध्ये येथे मंडी वसवली गेली. 1884 मध्ये रेल्वे आली आणि व्यापार वाढला. आजही पहाडातली फळे व भाजीपाला याच मंडीतून मैदानी भागात जातो. शिक्षण आणि रोजगारासाठी डोंगरातली मुले-मुली येथेच येतात. गावात प्रत्येकाची जात सर्वांना ठाऊक असते. शहरात भाड्याच्या खोलीत तेवढी मोकळीक मिळते. कुमाऊँमधील दलित समाज स्वतःला 'शिल्पकार' म्हणवतो. मुन्शी हरिप्रसाद टम्टा यांच्यासारख्या नेत्यांनी अपमानकारक जुने नाव नाकारून हे नाव रुजवले.

कायदा काय सांगतो?

उत्तराखंड विधानसभेने 7 फेब्रुवारी 2024 रोजी समान नागरी संहिता मंजूर केली. ती 27 जानेवारी 2025 पासून लागू झाली. अनुसूचित जमाती तिच्या कक्षेबाहेर आहेत. मूळ कायद्यातील मुख्य तरतुदी अशा :

• लग्नासारख्या नात्याने एका घरात राहणाऱ्या स्त्री-पुरुषांनी निबंधकाकडे निवेदन द्यावे. ते राज्याचे रहिवासी नसले तरी राज्यात राहत असतील तर हा नियम लागू होतो. म्हणजे नोकरीसाठी तिकडे गेलेले मराठी जोडपेही यातून सुटत नाही.

• एक महिन्यापेक्षा जास्त काळ नोंदणीविना राहिल्यास 3 महिन्यांपर्यंत कैद किंवा 10,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. नोटिशीनंतरही निवेदन न दिल्यास कैद 6 महिन्यांपर्यंत आणि दंड 25,000 रुपयांपर्यंत जाऊ शकतो.

• निबंधक ही माहिती स्थानिक पोलीस ठाण्याला कळवतो. दोघांपैकी कोणी 21 वर्षांखालील असल्यास त्याच्या आई-वडिलांनाही कळवले जाते.

• अशा नात्यातील अपत्य औरस मानले जाते. जोडीदाराने सोडून दिलेल्या स्त्रीला पोटगी मागता येते.

शेवटची तरतूद स्त्रियांच्या हिताची आहे, हे मान्य केले पाहिजे. नोंदणीमुळे स्त्रिया व मुलांना संरक्षण मिळते, असा सरकारचा दावा आहे. मात्र लग्नासारख्या नात्यात राहणाऱ्या स्त्रीला 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याने देशभर आधीच संरक्षण दिलेले आहे, आणि त्यासाठी आधी नोंदणी करावी लागत नाही.

धोका कुठे आहे?

सप्टेंबर 2022 मध्ये अल्मोडा जिल्ह्यात एका दलित कार्यकर्त्याचा खून झाला. त्याने सवर्ण मुलीशी लग्न केले होते. अटक झाली ती मुलीच्या घरच्यांना. जिवाला धोका असल्याचा अर्ज प्रशासनाकडे आधीच गेला होता, तरी त्याचा जीव वाचला नाही. अशा परिस्थितीत वीस वर्षांच्या मुलीचा पत्ता तिच्या घरी कळवणे म्हणजे काय, हे सांगायला नको. मतदानाचा हक्क अठराव्या वर्षी मिळतो. मग जोडीदार निवडताना तीच मुलगी अजाण कशी ठरते?

सर्वोच्च न्यायालयाने लता सिंह प्रकरणात (2006) आंतरजातीय विवाह करणाऱ्या सज्ञानांना पोलिसांनी संरक्षण द्यावे, असे बजावले. खुशबू प्रकरणात (2010) सज्ञानांचे एकत्र राहणे हा गुन्हा नाही, हे स्पष्ट केले. पुट्टस्वामी निकालाने (2017) खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. शक्ती वाहिनी निकालात (2018) जिल्हानिहाय विशेष कक्ष आणि हेल्पलाइनचे निर्देश दिले. उत्तराखंडच्या या तरतुदींना नैनिताल उच्च न्यायालयात आव्हान दिले गेले आहे ते याच हक्कांच्या आधारे.

आपण काय करावे?

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1936 मध्ये 'जातिभेद निर्मूलन' या ग्रंथात आंतरजातीय विवाह हा जात मोडण्याचा खरा उपाय सांगितला. हिंदू कोड बिल रखडवले गेले, हे 1951 मध्ये त्यांनी मंत्रिपद सोडण्यामागचे एक प्रमुख कारण होते. कौटुंबिक कायद्यात सुधारणा व्हावी, हीच त्यांची भूमिका होती. पण ती सुधारणा स्त्रीला स्वातंत्र्य देणारी हवी, तिच्यावर पाळत ठेवणारी नव्हे. त्याच कसोटीवर हा कायदा पारखला पाहिजे.

कार्यकर्त्यांनी आपल्या जिल्ह्यात विशेष कक्ष व हेल्पलाइन सुरू आहे का, याची माहिती अधिकारात विचारणा करावी. मदत मागायला आलेल्या जोडप्याचे वयाचे पुरावे आधी सुरक्षित ठेवावेत, पोलीस अधीक्षकांना लेखी अर्ज देऊन पोच घ्यावी आणि वकील गाठावा. त्यांचा पत्ता मात्र कुणालाही सांगू नये.