न उलगडता वाचलेली गुंडाळी

उत्खनन म्हटले की कुदळ, फावडे, चाळणी आणि मातीतून वर येणारी भांडी-नाणी डोळ्यांपुढे उभी राहतात. मात्र या कामाला एक दुखरी बाजू आहे. पुरातत्त्वज्ञ एखादा थर खणतो, तेव्हा तो थर कायमचा नाहीसा होतो. टिपणे उरतात, छायाचित्रे उरतात. थर पुन्हा रचता येत नाही. दुर्मीळ वस्तूचेही तसेच. उघडावी तर ती मोडते, न उघडावी तर मुकी राहते. या पेचातून वाट काढण्याची धडपड अडीचशे वर्षांहून जुनी आहे आणि तिच्या आरंभी एक धर्मगुरू उभे आहेत. म्हणून तिची हकीकत वाचकांपुढे ठेवावी असे आम्हांस वाटते.

इ. स. ७९ मध्ये इटलीतील व्हेसुव्हियस ज्वालामुखीचा उद्रेक झाला आणि पाँपेईबरोबर हर्क्युलेनियम हे नगरही गाडले गेले. तेथील एका प्रशस्त वाड्यात १७५२ सालापासून काळ्या, कोळशासारख्या गुंडाळ्या सापडू लागल्या. त्या पपायरसवर लिहिलेल्या ग्रंथांच्या होत्या. हे ध्यानी येण्यापूर्वी काही गुंडाळ्या कोळसा समजून टाकूनही दिल्या गेल्या. पुढे त्या सुरीने चिरून पाहिल्या. अक्षरे दिसली, पण ग्रंथ भंगला. तेव्हा व्हॅटिकन ग्रंथालयात हस्तलिखितांचे काम करणारे पायरिस्ट संघाचे फादर अंतोनियो पियाज्जो यांना १७५३ साली पाचारण करण्यात आले. त्यांनी एक यंत्र रचले. गुंडाळीच्या पाठीला पातळ प्राणिज पापुद्रा चिकटवायचा, त्याला रेशमी धागे बांधायचे आणि गुंडाळीच्या वजनाने तिला हलके हलके उलगडू द्यायचे. एकेका गुंडाळीला महिने, प्रसंगी वर्षे लागत. फादर पियाज्जो १७९६ साली निवर्तले, तोवर त्यांनी हे व्रत सोडले नाही. तरीही त्यांच्या हातून पापुद्रे फाटतच. शेकडो गुंडाळ्या तशाच मिटलेल्या राहिल्या.

विसाव्या शतकाने नवी साधने दिली. विमानातून काढलेल्या छायाचित्रांत उभ्या पिकाच्या रंगछटांवरून जमिनीखालच्या भिंतींचे आराखडे दिसू लागले. जमिनीचा विद्युत्‌रोध व चुंबकत्व मोजून पुरलेले खंदक आणि भट्ट्या हुडकता येऊ लागल्या. पुढे जमिनीत रेडिओलहरी सोडून त्यांचे प्रतिध्वनी टिपणारे रडारही आले. रोमच्या उत्तरेस असलेल्या फालेरी नोव्ही या प्राचीन नगराची सुमारे ३० हेक्टर जमीन केंब्रिज आणि घेंट येथील विद्यापीठांच्या संशोधकांनी अशा रडारने तपासली. मंदिर, बाजार, स्नानगृह यांसह अवघ्या नगराचा नकाशा त्यांनी २०२० साली प्रसिद्ध केला. त्यासाठी त्यांना कुदळ मारावी लागली नाही.

परंतु आम्हांस विशेष हृद्य वाटते ती एन-गेदीची कथा. मृत समुद्राच्या पश्चिम किनाऱ्यावरील या ज्यू वस्तीला इ. स. ६०० च्या सुमारास आग लागली आणि वस्ती उजाड झाली. १९७० साली तेथील सभास्थानाचे उत्खनन झाले. पवित्र ग्रंथ ठेवण्याच्या कोनाड्यात चर्मपत्राचे जळके गोळे मिळाले. नुसत्या स्पर्शानेही त्यांचे तुकडे पडत. उत्खनन करणाऱ्यांनी उतावीळपणा केला नाही. ते गोळे जपून ठेवले गेले आणि चाळीस वर्षांहून अधिक काळ तसेच राहिले.

मग त्यांतील एका गोळ्याची सूक्ष्म क्ष-किरण तपासणी झाली. रुग्णालयात सीटी स्कॅन करतात, त्याचाच हा अतिसूक्ष्म प्रकार. निरनिराळ्या कोनांतून क्ष-किरण सोडून संगणकात वस्तूची घन प्रतिमा उभी करायची. अमेरिकेतील केंटकी विद्यापीठाचे प्राध्यापक ब्रेंट सील्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या प्रतिमेत चामड्याचा प्रत्येक पदर शोधला. त्यावरील शाईचे ठिपके त्यांनी जागच्या जागी बसवले आणि तो पदर संगणकाच्या पडद्यावर सपाट पसरला. प्रत्यक्ष गुंडाळीला धक्काही लागला नाही. शाई चामड्याहून अधिक घन होती, बहुधा तिच्यात धातूचा अंश असावा. म्हणून अक्षरे उजळून आली.

ती अक्षरे हिब्रू होती आणि मजकूर जुन्या करारातील लेवीय या ग्रंथाच्या पहिल्या दोन अध्यायांचा. अग्नीत अर्पावयाच्या बलींचे नियम सांगणारे पान स्वतःच अग्नीतून गेले होते! जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातील मायकेल सीगल व इमॅन्युएल टोव्ह यांनी तो वाचला. मध्ययुगीन हिब्रू प्रतींतील व्यंजनांशी तो अक्षरशः जुळतो, असे त्यांना आढळले. २०१६ साली हे संशोधन प्रसिद्ध झाले. शतकानुशतके हाताने नकला करणाऱ्या अनाम लेखनिकांच्या निष्ठेची ही साक्ष होय.

या साधनांना मर्यादाही आहेत. गुंडाळीचे वय ठरवताना कार्बन-पद्धतीसाठी तिचा लहानसा अंश खर्ची घालावाच लागला. त्या पद्धतीने काळ इ. स. तिसरे-चौथे शतक असा निघाला, तर अक्षरवळण पाहणाऱ्या तज्ज्ञांना ती त्याहूनही जुनी वाटते. हर्क्युलेनियमची अडचण वेगळी होती. तेथील शाई काजळीची आणि पपायरसही कोळसा झालेला. क्ष-किरणांना दोहोंतला भेद कळेना. अखेर पृष्ठभागावरील अतिसूक्ष्म खुणा ओळखण्यास संगणकाला शिकवण्यात आले. २०२३ साली एका मिटलेल्या गुंडाळीतून ‘जांभळा’ या अर्थाचा ग्रीक शब्द वाचला गेला आणि २०२४ च्या आरंभी तिच्यातील पंधरा स्तंभांचा मजकूर जाहीर झाला. फादर पियाज्जोंच्या रेशमी धाग्यांना जे साधले नाही, ते साधू लागले आहे.

या यशात यंत्राइतकाच वाटा संयमाचा आहे. १९७० साली कोणी उत्सुकतेपोटी तो जळका गोळा फोडला असता, तर आज वाचावयास काय उरले असते? आपल्या जुन्या धर्मग्रामांतही बाप्तिस्म्याच्या व विवाहाच्या जीर्ण नोंदवह्या आहेत. घराघरांत आजोबा-पणजोबांच्या वेळचे दस्त, पत्रे, प्रार्थनापुस्तके आहेत. चिकटलेली पाने ओढून सोडवू नयेत, फाटल्या कडांना चिकटपट्टी लावू नये, वाळवी व ओल यांपासून ती दूर ठेवावीत आणि जाणकाराच्या हाती द्यावीत. आपल्याला जे वाचता येत नाही, ते आपली नातवंडे कदाचित वाचतील. तोवर ते शाबूत राखणे एवढे तरी आपल्या हाती आहे.